उचल, अर्पण आणि मतदारयादी : बालाघाटावरच्या एका मंडळीचं प्रकरण

ऑक्टोबर २०२५मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, पंच कमिटीपुढे एक तोंडी अर्ज आला. अर्ज करणाऱ्या बाई मंडळीच्या सभासद, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, म्या मदत मागायला न्हाई आले. आमचा हिशोब करून द्या." हिशेबाची वही ज्याच्याकडे होती तो मुकादम, म्हणजे मजुरांना उचल (आगाऊ पैसे) देऊन ऊसतोडीला टोळी नेणारा माणूस, त्याच मंडळीतला, पंच कमिटीवरचा, आणि चर्चच्या नव्या स्लॅबसाठी १,५१,००० रुपये कबूल केलेला सर्वांत मोठा देणगीदार.

मी त्या मंडळीचा नाही. शेजारच्या तालुक्यातला आहे. पतसंस्थेत वह्या तपासण्यात नोकरीची वर्षं गेली, म्हणून तिथल्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मला बोलावून घेतलं. माणसं ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत, वहीतले आकडे तसेच ठेवले आहेत. आपल्या मंडळ्यांमध्ये गरिबीवर पुष्कळ बोललं जातं. पण देणेकरी आणि सावकार एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेत असतील तर मंडळीने काय करायचं, यावर एकही उपदेश माझ्या कानावर आलेला नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

मंडळी

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं कोरडवाहू गाव. दिवाळी झाली की अर्ध्या घरांना कुलपं. मंडळीची चाळीसेक घरं, त्यांतली आठ-नऊ पगाराची नाहीतर पेन्शनीची: शिक्षक, परिचारिका, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. उरलेल्यांपैकी बहुतेक कोयत्यावर जाणारी, म्हणजे नवराबायको जोडीने उचल घेऊन पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडणारी.

ही दरी जुनी आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा ख्रिस्ती धर्म इथं मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांत आला. नुसत्या उपदेशाने पोट भरत नाही हे त्या काळातल्या एका माणसाला नीट कळलं होतं. नारायण शेषाद्री हे १८४३मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. जालन्यात काम करताना त्यांनी दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गावकीच्या हाताखालून सुटायचं तर पायाखाली स्वतःची जमीन लागते, असा मी त्याचा अर्थ घेतो, आणि तो मला आजही फार मोलाचा वाटतो. पण बेथेल सगळीकडे झालं नाही. बहुतेक ठिकाणी मिशनकडून मिळाली ती शाळा आणि दवाखाना. ज्यांची मुलं बोर्डिंगात शिकली त्यांच्या पुढच्या पिढ्या मास्तर झाल्या, नर्स झाल्या, संभाजीनगरला आणि पुण्याला गेल्या. ज्यांची मुलं गुरांमागे राहिली ती भूमिहीनच राहिली.

त्यातच १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. पुढे १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेले इतर मागासवर्गात मोडतात. ही अट काढून टाका, असं रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७मध्ये सांगितलं, आणि २०२२मध्ये त्याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. या गावात त्याचा अर्थ असा, की ज्या घरात पहिला पगार मिशनच्या काळात आला नाही, त्या घरात तो नंतरही सहजी आला नाही.

वही

मुकादमाची वही दोनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक कोयत्याला, म्हणजे जोडीला, एक पान. या जोडीच्या पानावर उचल १,१०,००० रुपये. आखाडात मुलीच्या बाळंतपणाला ३०,०००, दसऱ्याला ५०,०००, आणि गाडी भरली त्या दिवशी ३०,०००.

२०२४-२५चा हंगाम आखूड होता. विधानसभेच्या निवडणुकीमुळे उशिरा सुरू झाला आणि पुष्कळ कारखान्यांचं गाळप मार्चमध्येच आटोपलं. टोळीचा ऊस काट्यावर १,६८० टन भरला, दहा कोयत्यांत वाटून १६८ टन. वहीत दर टनाला ३६६ रुपये धरलेला, म्हणजे मजुरी झाली ६१,४८८. उचलीतले ४८,५१२ फिरले, म्हणजे अंगावर राहिले. इथपर्यंत वही चोख होती. कारखान्याच्या पावत्यांशी मी एकेक आकडा ताडून पाहिला. मुकादमाने एक क्विंटलही मारलेला नव्हता, आणि हे मी सभेत आधी सांगितलं.

कर्ज वाढलं ते त्याच्या खालच्या चार ओळींत. फडावरची खर्ची, म्हणजे हातखर्चाचे पैसे, आठवड्याला ७०० रुपयांप्रमाणे सोळा आठवड्यांची, ११,२००. खाडा, म्हणजे कामावर न गेलेल्या दिवसांचा दंड, चौदा दिवसांचा, दिवसाला जोडीचे १,०००, म्हणजे १४,०००. दवाखाना आणि गाडीभाडं ८,०००. बेरीज ८१,७१२. आणि गुढीपाडव्यापासून शेकडा तीन रुपये महिना, पाच महिन्यांचं व्याज १२,२५७. एकूण ९३,९६९.

१,१०,००० घेतले, १६८ टन ऊस तोडला, आणि देणं ९३,९६९. बाईंना हे पान वाचता येत नव्हतं. पण आपण हंगामभर राबून जिथल्या तिथंच कसे, हे त्यांनी मनाशी बरोबर जोखलं होतं.

चौदा दिवसांच्या खाड्यातले पाच दिवस सासूच्या मातीला गेले. उरलेले नऊ बाईंच्या दुखण्याचे. अंगावरून खूप जात होतं, उभं राहवत नव्हतं, तरी पहिले काही दिवस त्यांनी मोळ्या वाहिल्या. फडाजवळच्या डॉक्टरने पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे वाक्य ऐकून धस्स होतं. २०१९मध्ये इथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली होती. दुखण्याचा दिवस म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, मग दुखण्याची जागाच काढून टाकायची, असा तो हिशेब. बाईंनी मंडळीतल्या सिस्टरना, म्हणजे निवृत्त परिचारिकेला, फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "काही काढू नका, आधी इकडं या, सोनोग्राफी करू." पिशवी वाचली. खाडा मात्र लागला.

मुकादमाला खलनायक करून हे प्रकरण सुटत नाही. त्याचे आईवडील कोयत्यावरच होते. ट्रॅक्टर कर्जाचा आहे. उचल वाटतो तो पैसा तो स्वतः वाहतुकीच्या करारावर उचलतो. दोन वर्षांपूर्वी एक अख्खी टोळी त्याची उचल घेऊन दुसरीकडे गेली आणि ते पैसे आजतागायत आलेले नाहीत. फडावर रात्री कोपीत, म्हणजे झोपडीत, भजन लावणारा, नाताळला टोळीला गोडाधोडाचं जेवण घालणारा हाच माणूस. त्याची श्रद्धा खोटी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे.

पंच कमिटी

पहिल्या बैठकीत बहुतेक पंचांचं मत सरळ होतं: बाई अडचणीत आहेत, मंडळीच्या गरीब निधीतून दहा हजार द्यावेत, प्रार्थना करावी, विषय संपवावा. देणारे मनापासून देत होते. सिस्टरनी हात वर केला आणि विचारलं, "पण हे दहा हजार जातील कुठं? बाईंच्या हातातून संध्याकाळपर्यंत वहीतच ना?" खोलीत एकदम शांतता झाली. कारण गरीब निधीतही मोठा वाटा मुकादमाचाच होता.

इथं पाळकसाहेबांची अडचण सांगायला हवी, कारण ती अनेक मंडळ्यांची आहे. वरच्या कार्यालयाला दरमहा ठरलेली रक्कम पाठवावी लागते, त्यातूनच पाळकांचा पगार निघतो. हंगामात अर्धी मंडळी बाहेर गेली की अर्पणाची थैली हलकी होते. जानेवारी-फेब्रुवारीची तूट कोण भरून काढत होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कापणीच्या सणाला लिलाव होतो. एखादा दुधी पाचशेला जातो, गावरान कोंबडी दोन हजाराला, आणि शेवटी देणगीदारांची नावं मोठ्या रकमेपासून खाली वाचली जातात. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला खडसावलं आहे. ते वाचून आपण मान डोलावतो, आणि मग यादी वाचायला घेतो.

दुसऱ्या बैठकीला मुकादम वही घेऊन आला, हे त्याचं मोठेपण. त्याने आपली बाजू पवित्र शास्त्रातूनच मांडली. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी म्हणतो की मी तुझ्यावर अन्याय करत नाही, ठरल्याप्रमाणे तुला मिळालं. "मीबी ठरल्याप्रमाणंच दिलंय," मुकादम म्हणाला. सिस्टरचं उत्तर मला फार खरं वाटलं. त्या म्हणाल्या, "दादा, त्याच गोष्टीत शेवटच्या तासाला आलेल्यालाही दिवसाचं पोट भरेल एवढं मिळालं. धन्याने खाडा लावला नाही." निवृत्त कंडक्टरांनी याकोबाचा पाचवा अध्याय काढला: कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. मुकादमाचा चेहरा उतरला. "मी अडवली नाही हो मजुरी," तो म्हणाला. आणि एका अर्थी ते खरंही होतं. त्याने काही अडवलं नव्हतं, फक्त वरून लावलं होतं.

व्याजावर मात्र वाद फार चालला नाही. निर्गमाच्या बाविसाव्या आणि लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात आपल्यातल्या दरिद्री भावाकडून व्याज घेऊ नको असं स्वच्छ सांगितलं आहे. शिवाय परवान्याशिवाय सावकारी २०१४च्या कायद्याने गुन्हा ठरते, हे मी सांगितलं. मुकादमाने व्याजाची ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

खाड्यावर तो अडला. "हिचा खाडा सोडला तर बाकीच्या नऊ कोयत्यांना काय सांगू? ते काय समदे आपल्या मंडळीतले न्हाईत." टोळीत ख्रिस्ती कोयते चारच, बाकीचे बौद्ध, मातंग आणि वंजारी. मला वाटतं, सगळ्या प्रकरणात विश्वासाची खरी कसोटी इथं लागली. आपल्या माणसाला सूट आणि शेजारच्या कोपीतल्याला दंड, असं झालं असतं तर तो न्याय नसता, भाऊबंदकी झाली असती. बऱ्याच वेळाने ठरलं ते असं: दवाखान्याचा कागद असेल तो दिवस खाडा नाही, आणि हे दहाही कोयत्यांना लागू. बाईंचे ९,००० उतरले. टोळीतल्या इतर तीन पानांवरही रकमा खाली आल्या, त्यांतली दोन पानं मंडळीबाहेरच्यांची. मुकादमाचं त्यात नुकसान झालं आणि ते त्याने सोसलं.

दवाखान्याचे ८,००० गरीब निधीने भरले. उरलं देणं ६४,७१२.

खरी गाठ

वही बंद झाल्यावर मी सहज विचारलं, पंच कमिटीत कोयत्यावरचं कोण आहे? कुणीच नव्हतं. मागच्या कमिटीतही नव्हतं, त्याआधीच्याही नाही. कारण शोधायला जुने ठराव काढले, आणि ते एका ओळीत सापडलं: सलग तीन महिने वर्गणी थकलेल्या सभासदाला वार्षिक सभेत मत नाही. आणि वार्षिक सभा दरवर्षी जानेवारीत.

हा नियम करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पगार दरमहा येतो तिथं दरमहा वर्गणी हा साधा शिस्तीचा नियम आहे. पण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत फडावर असलेल्या माणसाचं नाव जानेवारीपर्यंत थकबाकीत जातं, आणि सभेच्या दिवशी तो दोनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असतो. अशा रीतीने मंडळीतली बहुसंख्य घरं मतदारयादीतून दरसाल गळत होती. त्यांच्यासाठी गोळा केलेला गरीब निधी कसा वापरायचा, हे त्यांच्याशिवाय ठरत होतं.

करिंथच्या मंडळीत नेमकं हेच चाललेलं दिसतं. पौलाच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभूच्या मेजाशी एक जण भुकेला राहतो आणि दुसरा मस्त होतो. ज्यांचा वेळ स्वतःच्या हातात होता ते आधी येऊन जेवून घेत असावेत, आणि राबणारे उशिरा पोचत असावेत. पौल त्यावर गरिबांना घरी डबा पाठवा असं सांगत नाही. एकमेकांसाठी थांबा, असं सांगतो. मी ते वाचून दाखवलं तेव्हा पाळकसाहेबच म्हणाले, "म्हणजे जानेवारीची सभा मेमध्ये घ्या, असंच ना?" हो, तसंच.

प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्यायही याच जातीचा आहे. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर निघाली. प्रेषितांनी त्या विधवांना दोन घास जास्त देऊन विषय मिटवला नाही. सात माणसं निवडून वाटणीचं कामच त्यांच्याकडे दिलं, आणि स्तेफनापासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच लोकांच्या हाती थैली दिली गेली, असा मी त्याचा अर्थ लावतो. आपण या अध्यायातून सेवकांची निवड एवढंच शिकवतो. गाऱ्हाणं करणाऱ्याच्या हाती किल्ली देणं ही त्यातली धाडसाची गोष्ट आपल्या शिकवणीत येतच नाही.

काय झालं, काय राहिलं

या प्रकरणाने त्या जोडीचं कर्ज संपलं नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत त्यांचं ठोक्याने, म्हणजे खंडाने, केलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, घरात दाणा नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी त्याच मुकादमाकडून आणखी ५०,००० उचलले. म्हणजे देणं १,१४,७१२. यंदा हंगाम लांबला आणि २०० टन ऊस तोडला, तर जुन्या दराने ७३,२०० फिटतील आणि ४१,५१२ पुन्हा उरतील. ही गणितं मी त्यांच्यासमोर, मुकादमासमोर आणि सिस्टरसमोर एकत्र केली. मुलं गावातच आजीजवळ आहेत. ऊसतोड कामगार महामंडळाच्या ओळखपत्राचा अर्ज ग्रामसेवकाकडे दिला आहे.

माझ्या मते मंडळीला खरं करता येण्यासारखं काम अजून बाकी आहे, आणि ते आखाडातलं आहे. माणूस कोयत्याला बांधला जातो तो गाडी भरते त्या दिवशी नव्हे, पहिल्या ३०,००० रुपयांना. जून-जुलैत बाळंतपण येतं, शाळा येते, बी-बियाणं येतं, हातात काहीच नसतं, आणि दारात मुकादम असतो. पेन्शनीच्या आठ-नऊ घरांनी बिनव्याजी फिरता निधी उभा केला, तर निदान ती पहिली उचल टळेल आणि माणूस दसऱ्याला दर विचारून, दोन मुकादम पाहून करार करेल. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हणतो की एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरावी, म्हणजे समानता होईल. दोन घरांनी तयारी दाखवली आहे. बाकीचे विचार करतो म्हणाले. पैसे बुडतील ही त्यांची भीती खोटी नाही, आयुष्यभर वसुली पाहिलेल्या माणसाने ती हसण्यावारी नेऊ नये. पण आजवर बुडाला तो ऊस तोडणाऱ्याचा घाम, आणि त्याची वसुली कुणी काढली नाही.

स्लॅबच्या १,५१,०००चा प्रश्नही तसाच आहे. काही पंच म्हणतात, व्याज सोडलं, खाडा सोडला, आता देणगी घ्यायला काय हरकत. सिस्टरचं म्हणणं, पाडव्याला टोळीचा हिशेब दहाही कोयत्यांसमोर वाचला जाऊ द्या, मग घ्या. मी सिस्टरच्या बाजूचा आहे. काम सध्या लिंटेलपर्यंत येऊन थांबलं आहे. नावाची संगमरवरी पाटी लावायची की नाही, यावर अजून बोलणंसुद्धा झालेलं नाही.

ठराव मात्र कोयते फडावर जायच्या आधीच्या रविवारी, त्यांच्या हजेरीत, मंजूर झाला. इतर मंडळ्यांना उपयोगी पडेल म्हणून जसाच्या तसा देतो.

"मजुरीसाठी गावाबाहेर असलेल्या सभासदाची त्या महिन्यांची वर्गणी थकबाकी धरू नये व त्याचा मताचा हक्क कायम राहावा. वार्षिक सभा व पंचांची निवड मे महिन्यात, कोयते परत आल्यावर व्हावी. पंच कमिटीत किमान दोन सभासद ऊसतोड कुटुंबांतले असावेत, त्यांपैकी एक बाई असावी. गरीब निधीची वही त्या दोघांच्या ताब्यात राहावी. देणगीदारांची नावे रकमेसह वाचू नयेत. मंडळीतील कोणीही सभासद दुसऱ्याला कामावर लावत असल्यास त्याचा हिशेब पाडव्यानंतरच्या पहिल्या महिन्यात पंचांसमोर व काम करणाऱ्या सर्वांसमोर, ते मंडळीचे असोत वा नसोत, वाचला जावा."